अलॉय धुतले की चार दिवसांत पुन्हा काळे? आधी घाण ओळखा

गाडीची अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं. पुढची दोन काळीकुट्ट, मागची दोन बऱ्यापैकी स्वच्छ. रविवारी घासूनपुसून लख्ख केली तरी आठवड्याच्या मध्यापर्यंत पुन्हा तीच गत. मग कुणी शाम्पू बदलतं, कुणी वॉशिंग सेंटर बदलतं, कुणी टॉयलेट क्लीनर ओतून बघतं. (हे शेवटचं खरंच करतात लोक. त्यावर पुढे बोलूच.)

शाम्पूला दोष देऊन उपयोग नाही. चाकावर बसणारी घाण एकाच जातीची नसते. ब्रेकची भुकटी, डिस्कचा गंज, बोअरच्या पाण्याचे क्षार, डांबर, चिखल, टायर पॉलिशचा ओघळ आणि कधीकधी गळणारं ग्रीस, यांतल्या प्रत्येकाला वेगळं औषध लागतं. क्षाराच्या डागावर शाम्पू तासभर घासला तरी तो हलत नाही आणि लोखंडी कणांवर व्हिनेगर वाया जातं. म्हणून बादली भरायच्या आधी पाच मिनिटं चाकांकडे नीट बघा. कोणतं चाक घाण आहे, घाणीचा रंग कोणता, ती रिमच्या बाहेरून आहे की आतून, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

पुढची दोन्ही चाकं सारखी काळी

यात बिघाड काही नाही. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवायचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक (उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम ब्रेक (बंद डब्यासारखा) असतो. ड्रमची भुकटी ड्रमच्या आतच राहते, डिस्कची मात्र उघड्यावर उडते आणि थेट रिमवर जाऊन बसते.

या काळ्या भुकटीत पॅडमधला कार्बन आणि राळ असते, तसे डिस्क झिजून सुटलेले बिडाच्या लोखंडाचे बारीक कणही असतात. हे कण उडताना गरम असतात. रिमवरच्या पारदर्शक लॅकरला ते चिकटतात, ओलावा मिळाला की तिथेच गंजतात आणि घट्ट रुततात. महिनाभर दुर्लक्ष केलेल्या चांदीच्या रंगाच्या अलॉयवर तपकिरी टिपके दिसतात ते हेच. ताजी भुकटी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने निघते, रुतलेला कण निघत नाही. कमी कष्टाचं खरं गणित एवढंच आहे. दर आठवड्याला पाच मिनिटं दिली, तर तीन महिन्यांनी दोन तास घासत बसावं लागत नाही.

पॅडच्या जातीवरही बरंच अवलंबून असतं. युरोपीय गाड्यांत बहुधा लो-मेटॅलिक, म्हणजे थोडा धातू मिसळलेले, पॅड असतात. ते वेगात चांगले पकडतात, पण भुकटी भरपूर सोडतात. जपानी पद्धतीचे ऑरगॅनिक पॅड आणि सिरॅमिक पॅड कमी भुकटी करतात, शिवाय त्यांची भुकटी फिकट रंगाची असल्यामुळे डोळ्यांत भरत नाही. पॅड बदलायची वेळ आलीच असेल तर तुमच्या मॉडेलसाठी सिरॅमिक पॅड मिळतात का, हे जरूर विचारा. चांगले चालणारे पॅड केवळ चाकं काळी होतात म्हणून काढून टाकू नका. आणि कमी भुकटीच्या नादात अनोळखी, स्वस्त पॅड तर अजिबात बसवू नका. चाक काळं झालं तर धुता येतं, गाडी वेळेवर थांबली नाही तर काय करणार? नवे पॅड बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर भुकटी जरा जास्तच पडते, त्याने घाबरायचं कारण नाही.

बाजारात डिस्क आणि रिमच्या मध्ये बसवायच्या पत्र्याच्या चकत्याही मिळतात. भुकटी अडते, पण डिस्कला लागणारी हवाही अडते. घाट उतरणाऱ्या गाडीला त्या बसवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटावरून आठवलं. ब्रेकची भुकटी कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ब्रेक कमी दाबणं. वरंधा, आंबेनळी किंवा आंबोली उतरताना जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला लावा आणि इंजिनाला गाडी धरू द्या. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर 'एल' किंवा मॅन्युअल मोडवर घ्या. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग अजून आहेत. त्यांची चाकं घाटाच्या पायथ्याशी काळी झालेली असतात आणि ब्रेक जळल्याचा वास येत असतो. शहरातही सिग्नल लाल दिसला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायची सवय लावली, तर फरक चाकांवर दिसतो.

इलेक्ट्रिक गाडीत मोटरच गाडी हळू करते, त्यामुळे चाकं बराच काळ स्वच्छ राहतात. तिथे अडचण उलटी असते. डिस्क वापरात येत नाही म्हणून तिच्यावर गंज धरतो. मोकळा रस्ता बघून अधूनमधून दोन-चार वेळा ब्रेक जरा जोरात दाबावा. ही भुकटी आता फक्त दिसण्याचा प्रश्न राहिलेली नाही. युरोपीय संघाच्या युरो ७ नियमांत धुराड्याबरोबर ब्रेकच्या कणांवरही पहिल्यांदा मर्यादा आली आहे. इंजिनवाल्या मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आणि निव्वळ इलेक्ट्रिक मोटारींना ३ मिलिग्रॅम. त्यामुळे कमी भुकटीचे पॅड आणि डिस्क येत्या काळात वाढतील. तोवर आपली बादली आहेच.

एकच चाक जास्त काळं

इथे मात्र धुणं बाजूला ठेवा. डावं-उजवं सारखं काळं असेल तर ठीक. एकच चाक बाकीच्यांपेक्षा उघड काळं दिसत असेल, तर त्या चाकाचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) पूर्ण सुटत नाही असा संशय घ्या. आपण पाय काढतो तरी पॅड डिस्कला घासत राहतो. सोबत गाडी एका बाजूला ओढते, मायलेज उतरतं किंवा त्या चाकाजवळ जळका वास येतो.

तपासायची सोपी रीत अशी. जोरात ब्रेक न लावता दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, सावकाश थांबवा आणि दोन्ही बाजूंच्या रिमजवळ हात न्या. हात लावू नका, फक्त जवळ न्या. एक बाजू उघड गरम लागली की समजा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आणखी चांगलं. बहुतेक वेळा दोष कॅलिपरच्या सरकत्या पिनांत निघतो. त्यांचं ग्रीस सुकलेलं असतं किंवा रबरी टोपी फाटून आत पाणी गेलेलं असतं. मेकॅनिकला आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी शेजारी ठेवून दाखवायला सांगा. एक जाड आणि एक पातळ असेल तर पिना अडकल्या आहेत. पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लागतं. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. हे सांगायला लाजू नका, गर्दीच्या वेळी गॅरेजमध्ये जो डबा हाताशी येतो त्यातलंच ग्रीस लागतं.

मागेही डिस्क असलेल्या गाडीत मागचं एकच चाक काळं होत असेल तर हँडब्रेक पूर्ण सुटतो का ते बघा.

घाण तेलकट असेल, बोटाला चिकटत असेल, तर तिला ब्रेकची भुकटी म्हणू नका. भुकटी कोरडी असते. रिमच्या आतल्या बाजूला आणि चाकावरच्या मडगार्डच्या आत जाड काळं ग्रीस फेकलेलं दिसलं, तर एक्सलच्या सांध्यावरचं रबरी बूट फाटलेलं असण्याची शक्यता मोठी. वेळीच बदललं तर फक्त बुटाचा खर्च, नाही तर आत माती जाऊन अख्खा सांधा बाद. पातळ ओल आतल्या बाजूने टायरवर उतरत असेल, तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. ती उतरली असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

धुतल्यावर दुसऱ्या दिवशी नारिंगी

रात्री पाऊस झाला किंवा गाडी धुऊन उभी केली की सकाळी डिस्कवर नारिंगी थर दिसतो. बिडाचं लोखंड उघडं असतं, त्यावर गंज चढणारच. पहिल्या दोन-चार ब्रेकला तो निघून जातो. मात्र तीच नारिंगी भुकटी ओल्या रिमवर बसली तर डाग धरते. म्हणून गाडी धुतली की लगेच कव्हर घालून उभी करू नका. कॉलनीत एक फेरी मारा, हलके ब्रेक दाबा, डिस्क कोरडी होऊ द्या आणि मग लावा.

पांढरे ठिपके: दोष पाण्याचा

पुण्यामुंबईच्या उपनगरांत आणि मराठवाड्यात बऱ्याच सोसायट्यांची गाडी धुण्याची मदार बोअरवर किंवा टँकरवर असते. जड पाणी रिमवर वाळलं की क्षारांचे पांढरे गोल मागे राहतात. उन्हात धुतलं तर आणखी लवकर. हे डाग शाम्पूने जात नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने एक-दोन मिनिटं लावा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. जास्त वेळ ठेवू नका, आणि लॅकर उडालेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर तर लावूच नका.

घरातल्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरणं पाणी वाचवायच्या दृष्टीने चांगलं, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. चिखल काढायला ते चालेल, शेवटच्या हाताला नको. शेवटच्या हाताला एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी उत्तम. हवेतली वाफ थंड होऊन आलेलं ते पाणी असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात एका रात्रीत बादलीभर जमतं. नसेल तर महापालिकेचं पाणी घ्या आणि मायक्रोफायबरने लगेच पुसून घ्या. पुसणं ही या प्रश्नातली सगळ्यात टाळली जाणारी पायरी आहे.

पावसाळा, चिखल आणि थरथरणारं स्टिअरिंग

कोकणातल्या लाल मातीचा डाग निघतो तरी. सोलापूर-लातूरकडची काळी चिकणमाती रिमच्या आतल्या खोलगट भागात थापली जाते आणि वाळून सिमेंटसारखी बसते. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं आणि महामार्गावर ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक थेट व्हील बॅलन्सिंगला धावतात. आधी पाण्याचा पाइप आरांच्या मधून आत घालून रिमची आतली कड सगळीकडून धुवा. पाण्यात गोळे पडताना दिसतील. त्यानंतरही थरथर राहिली तर टायरवाल्याकडे जा. तोही चिखल न काढता वजनं चिकटवणार असेल तर त्याला थांबवा, कारण पुढे चिखल गळून पडला की चाकाचा तोल पुन्हा बिघडणार.

नव्या डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने निघतात. तो नसेल तर फडक्यावर थोडं खोबरेल घेऊन डागावर ठेवा. मऊ झालं की पुसा आणि शाम्पूने तेल काढून टाका. डिस्कवर तेलाचा थेंबही जाता कामा नये.

धुण्याची रीत, कमीत कमी कष्टात

चाकं थंड असताना धुवा. आताच गाडी फिरवून आणली असेल तर अर्धा तास थांबा. तापलेल्या रिमवर शाम्पू क्षणात वाळतो, आणि तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी मारणंही बरं नाही.

गाडीच्या अंगाआधी चाकं धुवा, नाही तर धुतलेल्या दारांवर चाकांची घाण उडते. चाकांची बादली, ब्रश आणि फडकी वेगळी ठेवा. चाकावरच्या फडक्यात लोखंडाचे कण अडकलेले असतात, तेच फडकं बॉनेटवर फिरवलं की ओरखडे ठरलेले. सोसायटीत सकाळी गाडी पुसायला येणाऱ्या काकांना यासाठी एक ब्रश आणि दोन जुनी फडकी वेगळी देऊन ठेवा, आणि चाकं कोरडी पुसू नका, पाणी मारून मगच पुसा, एवढं सांगा. रोज पंधरा-वीस गाड्या एकाच बादलीत उरकणाऱ्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

महागडे ब्रश लागत नाहीत. रंगाचा दीड इंची मऊ ब्रश नटांच्या खळग्यांत छान जातो. आरांच्या मागे घालायला लांब दांड्याचा मऊ ब्रश हवा, बाटली धुवायचाही चालतो, फक्त तारेचं टोक उघडं नाही ना ते बघा. आधी नुसतं पाणी, मग कारचा शाम्पू, वरून खाली ब्रश, पुन्हा पाणी, मग पुसणं. आठवड्याला एवढंच.

रुतलेल्या लोखंडी कणांसाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा आयर्न रिमूव्हर वापरा. त्यात बहुधा थायोग्लायकोलेटचा क्षार असतो. लोखंडाला भिडला की जांभळा होऊन ओघळतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. बघायला मजा वाटते, पण हातमोजे घाला, मोकळ्या हवेत वापरा, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका आणि वाळू देऊ नका. त्याच्यासोबत कोणतंही आम्ल मिसळू नका, विषारी वायू निघतो. म्हणजे व्हिनेगरचा आणि याचा दिवस वेगळा ठेवा.

आता टॉयलेट क्लीनर. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. घाण जाते, चाक पांढरंशुभ्र दिसतं, आणि लॅकरला जिथे चीर पडली असेल तिथून आम्ल आत शिरून ॲल्युमिनियम खातं. नट गंजतात ते वेगळंच. काही वॉशिंग सेंटरवर फवारलं जाणारं 'केमिकल'ही असंच जहाल आम्ल किंवा कॉस्टिक असतं. फवारल्या फवारल्या फेस येऊन घाण आपोआप ओघळत असेल तर कशाचा फवारा आहे ते विचारा, आणि उत्तर टाळलं तर चाकांवर फक्त पाणी आणि शाम्पू वापरायला सांगा. तांब्या-पितळेची भांडी उजळायची पावडर, तारेची घासणी, डिझेलचं फडकं, यांतलं काहीही नको. डिझेलने चाक दोन तास चमकतं आणि मग रस्त्यावरची सगळी धूळ गोळा करतं.

टायर पॉलिशचाही असाच छुपा त्रास आहे. ओलं पॉलिश लावून गाडी काढली की ते रिमवर आणि दारांवर उडतं आणि त्यावर भुकटी चिकटते. लावायचंच असेल तर थोडं, फक्त बाजूच्या भिंतीवर, आणि पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीच नाही.

एकदाची मेहनत, मग आराम

रिमवर सिलंट किंवा सिरॅमिक कोटिंग असेल तर भुकटी रुतत नाही आणि साप्ताहिक धुणं खरंच पाच मिनिटांचं होतं. साधं कार्नोबा मेण चाकावर फार टिकत नाही, ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ब्रेकजवळचं तापमान घाटात त्याच्या पुढे सहज जातं. पॉलिमर सिलंट काही महिने चालतं, सिरॅमिक त्याहून जास्त. वेगळी वेळ काढायची गरज नाही. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर आलटूनपालटून लावताना चाकं तशीही निघतात, तेव्हाच आतून-बाहेरून धुऊन, आयर्न रिमूव्हर मारून, पूर्ण कोरडी करून कोटिंग लावा. आतल्या बाजूला आवर्जून लावा, खरी घाण तिथेच साठते. चाकं परत चढवल्यावर नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळून घ्या.

नवे अलॉय घ्यायचे असतील तर पाच जाड आरांचं मोकळं डिझाइन घ्या, रंग गडद राखाडी. जाळीदार डिझाइन शोरूममध्ये सुंदर दिसतं, धुताना त्याच्या प्रत्येक फटीत बोट घालावं लागतं. लोखंडी रिम आणि प्लॅस्टिकचं व्हील कव्हर असेल तर तुम्ही सगळ्यात सुखी. कव्हर ओढून काढा, भांड्यांसारखं धुवा, वाळवून बसवा, आणि प्लॅस्टिकचे एक-दोन केबल टाय मारून ठेवा म्हणजे खड्ड्यात उडून जाणार नाही.

कुत्र्यांचा उपद्रव हा वेगळाच प्रकार. एकाच चाकावर खालच्या बाजूला पिवळट ओघळ आणि नटांवर गंज दिसला तर ब्रेकला दोष देऊ नका. लाल पाण्याच्या बाटल्या ठेवून कुत्री हटताना मी तरी पाहिलेली नाहीत. रात्री चाकाला प्लायवुडचा तुकडा टेकवून ठेवणं काम करतं. सकाळी तो काढायचं मात्र लक्षात ठेवा. ओघळ दिसला की त्याच दिवशी पाणी मारा.

धुऊन न जाणारे डाग

डायमंड कट (लेथवर कापून चकाकता धातू उघडा केलेल्या) अलॉयवर लॅकरच्या खाली पांढऱ्या, नागमोडी रेघा दिसत असतील तर ती घाण नव्हे. फुटपाथला घासून किंवा दगड लागून लॅकर फुटलं, तिथून पाणी आत गेलं आणि ॲल्युमिनियम गंजत चाललं आहे. मुंबई, रत्नागिरी, मालवणच्या खाऱ्या हवेत हे लवकर पसरतं. कितीही घासलं तरी हे जाणार नाही, उलट लॅकर आणखी सुटेल. रेघ लहान असतानाच चाक रिफिनिशिंगला द्या. डायमंड कट पुन्हा लेथवर कापताना दर वेळी थोडा धातू जातो, त्यामुळे ते फार वेळा करता येत नाही. दुसऱ्यांदा तीच वेळ आली तर कापण्यापेक्षा पावडर कोटिंग करून एकरंगी करून घ्या. खर्च आणि देखभाल दोन्ही कमी. आणि रिमला तडा किंवा वाकलेली कड दिसली तर रंगकाम करण्याआधी टायरवाल्याकडून हवा गळते का ते तपासून घ्या. तडा निघाला तर रिमच बदला, वेल्डिंग करून चालवू नका.